घाबरट काकूंचं सीमोल्लंघन

काकू घाबरायच्या त्या चारचौघांना सांगून. एरवी माणसं भीती लपवतात, विषय बदलतात, आज जरा कणकण आहे म्हणतात. काकू मात्र "मला भीती वाटतेय हं" हे "मला भूक लागलीय" म्हणावं इतक्या सहज म्हणायच्या आणि पदर खोचून पुढे व्हायच्या. कुत्र्याची भीती, उंचीची भीती, पाण्याची तर विचारूच नका. कपडे धुवायचं मशीन घराच्या तळघरात होतं. तिथे उतरताना त्या मोठ्यानं रामरक्षा म्हणत, आणि कपडे जास्त असले की ती दोनदा होई.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन मी ओहायोतल्या डब्लिनला आले, तेव्हा तिथे मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी होती. काकू आमच्याच रस्त्याच्या टोकाला राहायच्या. काका इंजिनिअर, आमच्या कितीतरी आधी आलेले. एकुलता एक मुलगा नितीन शिकून अ‍ॅरिझोनात चँडलरला नोकरीला लागला होता. काकूंना सगळेजण पाठीमागे 'घाबरट काकू' म्हणत, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. एका नव्या कुटुंबाला गणपतीचं बोलावणं करायला त्यांनी फोन केला तेव्हा "मी घाबरट काकू बोलतेय" अशीच सुरुवात केली. पलीकडचे गृहस्थ बिचारे काय बोलावं या विचारात पडले. पुढे एक वेळ अशी आली की या घाबरटपणापायीच काकूंचं राहतं घर जाणार असं दिसू लागलं. ती हकीकत सांगायचीच आहे, पण त्याआधी काकूंचा दसरा सांगायला हवा.

अमेरिकेत दसरा पंचांगात कुठल्याही वारी असो, येतो तो शनिवारीच. बाकीच्या घरी त्या दिवशी गाडीला फुलं वाहिली, श्रीखंड खाल्लं की दसरा संपे. काकूंना ते पटत नसे. दसऱ्याला शीव ओलांडायची असते, श्रीखंड त्यानंतर, असं त्यांचं म्हणणं. आता डब्लिनला शीव कुठून आणायची? एका गावाची हिरवळ संपते तिथे दुसऱ्या गावाची सुरू होते, मध्ये फक्त एक पाटी. एका वर्षी काकांनी त्यांना गाडीत घालून पाटीपलीकडच्या पेट्रोल पंपापर्यंत नेऊन आणलं. काकू घरी आल्या आणि म्हणाल्या, "हे काही सीमोल्लंघन नाही. मी जिथे घाबरून थांबते ना, ती माझी शीव." तेव्हापासून सप्टेंबर लागला की दसऱ्याच्या आत भीती वाटणारी एक नवी गोष्ट करायची, आणि तीही घराबाहेर, उघड्यावर, असा त्यांचा नेम सुरू झाला.

घराबाहेर का, तर ओहायोतले ते दिवस घरात बसायचे नसतातच. उकाडा सरलेला असतो, थंडी अजून लांब असते. मक्याची शेतं वाळू लागतात, रस्त्याच्या कडेनं गोल्डनरॉडचे पिवळे ताटवे उभे राहतात, आणि सगळ्या हिरव्या झाडांत एखाद्याच मेपलची एखादीच फांदी लाल झालेली असते. काकू म्हणायच्या, "पुढे पाच महिने बर्फ घाबरवणार आहे. काय घाबरायचं ते आत्ता छान हवेत घाबरून घ्या."

मी आले त्या वर्षी शिडीची पाळी होती. गावाबाहेर सफरचंदांची एक बाग होती, तिथे आपण आपली फळं तोडून घ्यायची पद्धत. आम्ही सगळे जमिनीवरून हाताला येतील ती तोडत होतो. काकूंनी कोपऱ्यातली लाकडी शिडी मागवली. अंगावर काकांची जुनी पँट, कमरेला नाडी, वर स्वेटर आणि कपाळावर ठसठशीत कुंकू, अशा थाटात त्या जेमतेम दोन पायऱ्या चढल्या आणि डोळे गच्च मिटून उभ्या राहिल्या. काका शिडी धरून खाली. उतर असं ते एकदाही म्हणाले नाहीत. काकू डोळे न उघडता चाचपून फळं तोडत राहिल्या. खाली आल्यावर पाहतो तर पिशवीभर सगळी हिरवीगार, दगडासारखी कच्ची सफरचंदं. बागवाला म्हणाला, परत करा, बदलून देतो. काकूंनी साफ नकार दिला. वर चढून आणलेली वस्तू परत करायची नसते म्हणाल्या. घरी येऊन त्यांनी त्या फळांचं मोहरी-मेथी लावून लोणचं घातलं, आणि ते इतकं झकास झालं की पुढच्या वर्षापासून आम्ही सगळ्याजणी त्या बागेत जाऊन मुद्दाम कच्ची फळं मागू लागलो. बागवाल्याला आमच्या जिभेची दया येत असावी.

त्यानंतरचं वर्ष पाण्याचं. काकू मूळच्या वाईच्या. दाराशी कृष्णा, पण घाटाच्या शेवटच्या पायरीखाली त्या जन्मात कधी उतरल्या नव्हत्या. लहानपणी काही झालं होतं का, असं मी विचारलं. म्हणाल्या, "काही झालेलं नाही. मी आहेच तशी." आमच्या गावापासून थोड्या अंतरावर एक छोटी नदी आहे. तिथे कनू भाड्यानं मिळते. म्हणजे दोन माणसांची निमुळती नाव, एकानं पुढे बसून वल्हवायचं, दुसऱ्यानं मागे बसून वल्हवायचं आणि वळवायचंही. नाववाला तुम्हाला वरच्या अंगाला नेऊन सोडतो, आणि तुम्ही प्रवाहाबरोबर खाली आपल्या गाडीपाशी येऊन लागता.

नावेत बसायच्या आधी काकूंनी पिशवीतून नारळ काढला. नदीला हळदकुंकू वाहिलं, हात जोडले आणि नारळ पाण्यात सोडला. पुढे काय होणार हे आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नाही. नदी जायची तिकडेच नारळ जायचा आणि तिकडेच आम्हीही जाणार. तो आमच्या बरोबरीनं डुलत निघाला. थोडं पुढे गेल्यावर एका नावेतल्या गोऱ्या गृहस्थांनी तो पाण्यातून उचलला, पुसला आणि तुमचं काहीतरी पडलंय असं म्हणत फार अदबीनं काकूंच्या हाती दिला. काकूंनी आभार मानले, आणि ते जरा लांब गेल्यावर पुन्हा सोडला. पुढच्या वळणावर दुसऱ्या नावेतल्या एका बाईनं तो लगबगीनं परत आणून दिला. शेवटी काकू म्हणाल्या, नदीनं प्रसाद म्हणून परत दिलाय, आता हट्ट नको. काठावरच्या दगडावर त्यांनी तो वाढवला आणि त्या बाईलाही खोबऱ्याचा तुकडा दिला. या सगळ्या गडबडीत त्या घाबरायच्या राहूनच गेल्या असं मला वाटलं. तसं बोलले, तर त्यांनी तळहात दाखवले. वल्हं धरून धरून त्यांवर वळ उठले होते.

नदी मग दरवर्षीची झाली. नवी शीव कुठलीही असो, सायकलची, हायवेवर गाडी चालवायची, डोंगरातल्या झुलत्या पुलाची, ती ओलांडून झाली की एक रविवार नदीचा ठरलेला. काका मागे, काकू पुढे. परत येताना त्या रेडबडच्या झाडाची पानं तोडून आणत. बदामी आकाराचं ते पान मधोमध दुमडलं की हुबेहूब आपट्याचं वाटतं, आणि त्या दिवसांत ते पिवळंही पडू लागलेलं असतं. घरोघरी जाऊन त्या ते सोनं म्हणून वाटत. मराठी मंडळाच्या एका जेवणात कुणीतरी यावरून थट्टा केली, की वाघ मारून आलात की काय काकू. काका सहसा बोलत नसत, पण तेव्हा त्यांनी पानावरून मान वर केली आणि शांतपणे विचारलं, "तुमच्यापैकी यंदा कुणी नवीन काय केलंत?" सगळ्यांनी मुकाट्यानं मठ्ठा वाढून घेतला.

एका फेब्रुवारीत काका गेले. ऑफिसातून आले, कोट काढला, चहा टाक म्हणाले, आणि चहा होईपर्यंतही थांबले नाहीत. नितीन पहिल्या विमानानं आला. मुलगा गुणी होता. त्यानं सगळं नीट केलं, आईजवळ बसून राहिला, आणि जायच्या आधी आपला बेत सांगितला. घर विकायचं, आईनं चँडलरला त्याच्याकडे यायचं. यात त्याचं काही चुकत होतं असं मला आजही म्हणवत नाही. आई बेसमेंटमध्ये रामरक्षा म्हटल्याशिवाय उतरत नाही, इथे बर्फात ती एकटी कशी मॅनेज करणार, असं तो विचारायचा. माझा नवरा मोहनसुद्धा त्याच्याच बाजूचा. सगळं गाव एकमुखानं म्हणत होतं की घाबरट काकूंना एकटं ठेवणं बरं नव्हे. काकू एवढंच म्हणाल्या, दसऱ्यापर्यंत थांब.

त्यांच्या मनात काय आहे ते त्यांनी मला एका दुपारी सांगितलं. आम्ही दोघी त्यांच्या स्वयंपाकघरात भाजी निवडत होतो. त्यांना इथेच राहायचं होतं. "या गावातली एकेक जागा मी भीत भीत माझी केलीय, सुमा," त्या म्हणाल्या. "तिकडे जाऊन पहिल्यापासून कुठे सुरू करू?" नितीनला हे सांगितलंत का, असं मी विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. सांगून पटण्यासारखं असतं तर सांगितलं असतं म्हणाल्या.

सप्टेंबर लागला तशा काकू मला आठवड्याच्या मधल्या वारी, सकाळी, नदीवर न्यायला लागल्या. गाडी त्याच चालवायच्या. मी पुढे बसायचं आणि त्या मागे, काकांच्या जागी. इतकी वर्षं पुढे बसल्यामुळे मागे काका नेमकं काय करत हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. पहिल्या दिवशी आम्ही नदीत गोल गोल फिरलो आणि काठावरून पाण्यात लोंबणाऱ्या एका विलोच्या झाडात शिरलो. दाढीवाल्या नाववाल्यानं काठावर उभं राहून हातवारे करून शिकवलं, की वल्हं पाण्यातून काढताना मनगट बाहेर वळवायचं, म्हणजे नाव सरळ राहते. काकूंनी दोन-चार वेळा करून पाहिलं आणि मला म्हणाल्या, अगं, थालीपीठ उलटताना मनगट फिरतं तसंच आहे हे. त्या दिवसापासून आमची नाव सरळ जाऊ लागली. मागून मध्येच बारीक आवाजात रामरक्षा ऐकू यायची, पण मनगट फिरायचं थांबत नसे.

दसऱ्याच्या शनिवारी नितीन आला. सोमवारी घरं विकणाऱ्या एजंट बाईची अपॉइंटमेंट त्यानं आधीच घेऊन ठेवली होती. काकू म्हणाल्या, उद्या रविवार, आधी नदीवर जाऊ. मोहनला आणि मलाही त्यांनी बरोबर घेतलं.

आदल्या आठवड्यात पाऊस झाला होता. एरवी त्या दिवसांत नदी घोट्याएवढी असते, नावेचा तळ खडीवर घासतो आणि उतरून ओढावी लागते. त्या दिवशी पाणी गढूळ होतं आणि चांगलं वाहत होतं. नितीन सरळ मागच्या जागेकडे निघाला. काकूंनी त्याला थांबवलं आणि पुढे बसायला सांगितलं. तो हसला. "आई, कम ऑन. मागचा माणूस स्टिअर करतो."

"माहीत आहे," काकू म्हणाल्या आणि जाऊन बसल्या.

मोहन आणि मी आमच्या नावेत त्यांच्या मागोमाग होतो, त्यामुळे मला सगळं दिसत होतं. पहिला मैलभर ठीक गेला. नितीन वल्हवता वल्हवता सारखा मागे वळून आईकडे बघायचा, आणि काकू त्याला मानेनंच पुढे बघ म्हणायच्या. मग नदी उजवीकडे वळली. त्या वळणावर डाव्या काठाचं एक भलंमोठं झाड पावसात उन्मळून पाण्यात आडवं पडलं होतं, आणि सगळा प्रवाह त्याच्याच फांद्यांत शिरत होता. नाव तिकडे ओढली जाऊ लागली. नितीननं वल्हं मांडीवर टाकलं आणि दोन्ही हातांनी नावेच्या कडा घट्ट धरल्या. तो हलेना की बोलेना.

काकूंचा आवाज आम्हाला स्वच्छ ऐकू आला. त्यात घाई नव्हती. "नितीन, मला भीती वाटतेय. तुलाही वाटतेय. डावीकडून वल्हव."

त्यानं वल्हं उचललं. दोन हात मारले, तीन मारले. मागे काकू सगळं अंग टाकून नावेचं तोंड उजवीकडे आणत होत्या. झाडाच्या टोकाच्या फांद्या त्यांच्या स्वेटरला घासून गेल्या, आणि नाव वळणापलीकडच्या संथ पाण्यात गेली. आम्ही दोघं शहाणपणानं अलीकडेच काठाला लागलो आणि चिखलातून नाव ओढत पायी पुढे आलो.

काकू खडीवर सतरंजी पसरून दशम्यांचा डबा उघडत होत्या. मला त्या क्षणी त्यांचा इतका अभिमान वाटला की जवळ जाऊन मिठी मारावी, पण त्यांच्या हातात चटणी होती. नितीन पाय पाण्यात सोडून बसला होता. तिथूनच त्यानं विचारलं, "आई, तू खरंच घाबरली होतीस? आय थॉट, इतक्या वर्षांत ते गेलं असेल."

"जात नाही रे ती," काकू म्हणाल्या. त्यांनी त्याच्या हातावर दशमी ठेवली. "त्या घरात एकटीला मला भीती वाटणार आहे. रोज दिवेलागणीला वाटेल. पण भीती वाटते म्हणून कुणी घर विकतं का?"

नितीननं ती दशमी सगळी खाल्ली. सोमवारी सकाळी तो आमच्या दारात आला आणि मोहनला म्हणाला, अपॉइंटमेंट कॅन्सल केली. काळजी वाटत नाही का, असं मोहननं विचारलं. तो म्हणाला, वाटते, खूप वाटते. मग खांदे उडवून म्हणाला, "पण ती स्टिअर करत होती, यार."

काकू त्या घरात एकट्या राहिल्या. पहिल्या हिवाळ्यात त्यांच्या तळघरातला दिवा दिवसभर जळत असायचा. वीज गेली की आमच्याकडे फोन यायचा, काही नको, नुसतं बोल म्हणायच्या. बर्फ काढायचं यंत्र त्या दुसऱ्या वर्षी शिकल्या. त्याच्या आवाजाला घाबरून कानात कापूस घालायच्या. नितीन दर सप्टेंबरात यायचा आणि न सांगता पुढे बसायचा. गावातलं त्यांचं नाव काही बदललं नाही, पण ते घेताना लोकांच्या आवाजात आदर यायला लागला. एकदा तर एक बाई पाहुण्यांना काकूंचं घर दाखवताना "हे आमच्या घाबरट काकूंचं घर" असं म्हणाली, आणि तिनं तो 'आमच्या' असा काही उच्चारला की जणू काकूंना तिनंच घडवलं होतं. मला तिचा रागच आला. अभिमान मिरवायचा पहिला मान माझा होता. मी पुढे बसले होते.

आजही सप्टेंबर लागला की मी आधी स्वतःशी विचार करते, यंदा कशाला घाबरून आपण थांबलोय. माझ्या मुलीला ही सवय लागली आहे, आणि ती इंग्रजीत का होईना, पण घाबरते ते मोकळेपणानं सांगते.

दशक संपता संपता मोहनची बदली शिकागोजवळ शॉमबर्गला झाली. आम्ही निघालो तो दिवस असाच, हवेत नुकता गारवा आलेला. सामानाचा ट्रक पुढे गेला होता. काकू आमच्या रिकाम्या घरात आल्या, माझ्या तळहातावर दही घातलं, मुलीचा पापा घेतला. मग आम्ही त्यांना सोडायला त्यांच्या दारापर्यंत चालत गेलो. त्या रस्त्यावर आता दुसरं मराठी घर उरलं नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं, आम्ही गेल्यावर तुम्हाला भीती नाही ना वाटणार?

"वाटेल की," काकू म्हणाल्या.

त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि एकट्या आत गेल्या. दार लागलं. मी फाटकाशी उभी राहिले. थोड्या वेळानं तळघराच्या खिडकीत दिवा लागला, आणि मग कपडे धुवायचं मशीन सुरू झाल्याचा आवाज आला.